कासव मुरलं तिथं

आमची लेक राजकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ते हे साल. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेच. पेपरात रेल्वेचं आलं, म्हणून बाकीचे लोक त्याला रेल्वेचं साल म्हणतात. आमच्या घरात मात्र अजून राजकन्याच्या बाळंतपणाचं साल असंच म्हणतात.

आमचं गाव निलंग्याच्या खाली, कर्नाटकाच्या अंगाला. आम्ही गावात राहत नाही, मळ्यात राहतो. घराच्या पाठीमागं विहीर आहे, म्हणजे होती. राजकन्या नांदेडजवळ अर्धापूरला दिली. तो केळीचा मुलूख. तिच्या सासऱ्याच्या, शेषेरावांच्या बांधावरून कालवा जातो. लग्नात ते म्हणाले होते, "तुमच्या पोरीला आमच्याकडं एकच तरास, पाय सुकायचे न्हाईत." सगळे हसले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत. बाळंतीण सव्वा महिना राहते. तिला आणि लेकराला रोज तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, बाळुते धुवायचे. सगळा पाण्याचा कारभार. पाणीच नसलं तर काय करायचं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

आमचे मालक चैत्रात जाऊन तिला एसटीनं घेऊन आले. तिला सातवा सरून आठवा लागत होता. येताना नांदेडच्या स्टँडवरून तिच्यासाठी द्राक्षं आणली होती, ती निम्मी वाटेतच गरम होऊन गेली. घरात पाय टाकल्या टाकल्या मालकांनी विहिरीत डोकावून बघितलं, मग चपला काढल्या.

त्या वेळी विहिरीत पाणी होतं, पण नावाला. होळीच्या आधीच उतरायच्या पायऱ्यांचे खालचे पायटे उघडे पडले होते. पाडव्याला तळ दिसला. मधोमध एक डबकं राहिलं आणि त्या डबक्यात आमचं कासव.

आमच्याकडं नव्या विहिरीला पाणी लागलं की त्यात कासव सोडतात. ते पाण्यातले किडे खातं, शेवाळ खातं, पाणी निर्मळ राहतं. आमच्या विहिरीतलं कासव माझ्या सासऱ्यांनी मांजरा नदीच्या डोहातून पोत्यात घालून आणलं होतं. तेच हे, की त्याचं पिल्लू, कोण सांगणार? जेवायच्या ताटाएवढं झालं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला आधी देवघर दाखवलं आणि मग हे कासव.

माझ्या सासूबाई नागुबाई त्या वेळी जिवंत होत्या. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण बाज विहिरीकडंच तोंड करून टाकायला लावायच्या. बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल. त्या साली विहीर आटली आणि कासव गाळात मुरलं. सासऱ्यांनी ते मुरलं तिथंच खांदलं, तर बोटाएवढा झरा लागला. त्या झऱ्यानं बैल जगले, माणसं जगली. तेव्हापासून आमच्या मळ्यात आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर म्हण पडली, कासव मुरलं तिथं झरा.

डबकं आकसत गेलं तसं कासव चिखलात पाय खुपसू लागलं. मी वरून भाकरीचा तुकडा टाकला तर मान काढून बघायचं, खायचं नाही. एक दिवस सकाळी बघते तर डबकं नाही आणि कासवही नाही. चिखलावर काहीतरी ओढत नेल्यासारखा वळ उमटला होता. तो वळ पूर्वेच्या कड्याला गेला होता आणि कड्याखाली जी कपार होती तिच्यात संपला होता. ती कपार मी तोवर कधी बघितलीच नव्हती. कायम पाण्याखाली असायची.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "निजलं ते. आता मिरीग पडस्तोवर उठायचं न्हाई. खात न्हाई, पीत न्हाई. सास घेतंय का न्हाई तेबी कळत न्हाई."

"तेवढं माणसाला जमलं असतं तर बरं झालं असतं," राजकन्या म्हणाली.

"जमतंय की. तुझा मामा बारमाही निजतोय," सासूबाई म्हणाल्या.

मालक हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "कपारीत गेलंय? नीट बघितलंस?" मग ते कठड्यावर ओणवे होऊन बराच वेळ खाली बघत राहिले. "म्हंजी झरा तिकडं सरकला," असं ते म्हणाले, आम्हाला नाही, आपल्याशीच.

टँकर यायचा, पण तो गावातल्या आडात पाणी सोडायचा आणि मग सगळा गाव आडावर. एकाच वेळी पन्नास दोऱ्या आत. पोहऱ्यावर पोहरा आपटायचा, बायकांची डोकी फुटायची. मी दोन घागरी आणायची. त्यातली एक राजकन्यासाठी झाकून ठेवायची. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं मातीचा करा भरतात. त्या साली मी तो निम्माच भरला. सासूबाईंनी हात घालून बघितलं.

त्याच दिवशी शेषेरावांचा फोन आला. मालकांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवायचे. घरात सगळ्यांनी ऐकलं.

"काय व्याही, काय करून राहिले?"

"काय करतो, सणाचं जेवलो."

"जेवण झालं, पण हात धुतले का?" शेषेराव हसले. "मी इकडं केळीला पाणी देऊन राहिलो बघा. मनात म्हटलं, आपली सून तिकडं टँकरमागं पळते की काय."

"तिला कशाला पळू देतो? माझीबी पोरगीच हाय ती."

"तुमची हाय, कोण न्हाई म्हणते? पण पोटातलं आमचं हाय. ऐका, शुक्रवारी जीप घेऊन येतो. तुमच्या हिरीला पाणी असलं तर तांब्याभर पिऊन माघारी जातो. नसलं तर सून घेऊन जातो. बोला, मंजूर?"

मी हातानं नको नको करत होते. मालक म्हणाले, "मंजूर."

शेषेराव वाईट माणूस नव्हता. त्याची बोलायची तऱ्हाच तशी होती. पण मालकांना ते लागलं. फोन ठेवल्यावर राजकन्या म्हणाली, "बाबा, शर्त कशाला लावता? मी जाते की. तिथं नळ हाय, न्हाणी हाय. चार दिवसांनी लेकरू घेऊन इकडंच येते."

"तुझ्या आत्या ह्या घरात बाळंत झाल्या. तुझी आई तिच्या माहेरात झाली. माझी एकच लेक, आणि ती सासरी बाळंत झाली तर गाव काय म्हणंल? पिराजीच्या घरात घागरभर पाणी निघालं न्हाई म्हणंल."

"गावाच्या घरात तरी कुठं निघालंय?"

मला हसू आलं. ते उठून बाहेर गेले आणि करीमला फोन लावला.

करीम निलंग्याचा. विहिरीचा गाळ काढायची क्रेन त्याच्याकडं होती, इंजिनावर चालणारी. लोखंडी टोपलं खाली सोडायचं, भरलं की वर ओढायचं. त्याच्या वडिलांनीच आमच्या विहिरीचं वरचं दगडी बांधकाम केलं होतं, त्यामुळे ये-जा घरच्यासारखी. दुसऱ्या दिवशी तो दोन गडी आणि एक पाण्याचा कॅन घेऊन आला.

"भाभी, चहा टाका. पाणी मीच आणलोय. तुमच्या गावात चहा मागायची बी चोरी झालीय आता."

मालक आणि एक गडी खाली उतरले. मधला गाळ निघू लागला. काळा, चिकट, शेणासारखा वास. त्यात जुनी घागर निघाली, राजकन्याचं लहानपणीचं एक पैंजण निघालं. ते मी धुतलं नाही, पदराला पुसून तिला दिलं. गाळ संपला आणि खाली पाषाण लागला. पहार टणटण वाजायला लागली. वरून ऐकतानाच कळत होतं की तिथं काही नाही.

बुधवारी संध्याकाळी करीम म्हणाला, "भाऊ, खाली सगळा पत्थर हाय. आडवं बोअर मारणाऱ्याला बोलवा. न्हाईतर पावसाची वाट बघा."

"आडव्या बोअरची गाडी कधी येती?"

"लोकांचे नंबर लागलेत. लई झालं तर पंधरा दिवसांनी."

"परवा शुक्रवार हाय."

"मग शुक्रवारला सांगा, थांब जरा."

मालकांनी त्याला कपार दाखवली. कासव तिथं मुरलंय हे सांगितलं. बहात्तरचंही सांगितलं.

"पिराजीभाऊ, कासव काय इंजिनियर हाय?"

"इंजिनियरपेक्षा म्हातारं हाय."

गडी हसले. करीम खाली उतरून कपारीपाशी गेला. तिथं कड्यात तांबड्या मातीचा पट्टा होता, हातभर रुंदीचा, साऱ्या विहिरीला वेढा घातल्यासारखा. त्यानं अंगठ्यानं दाबलं तर भुकटी गळाली. तो वर आला तेव्हा त्याचा अंगठा हळदकुंकवाला बसल्यासारखा लाल झाला होता.

"हा पट्टा पाणी होतं तंवर टिकून होता. आता सुकलाय. वरचं समदं बांधकाम ह्याच्यावर बसलंय, माझ्या अब्बानं बसवलंय, मला म्हाईत हाय. ह्याच्या खालून आडवं जायचं न्हाई. कासवाला निजायला मऊ माती पाहिजे होती, ते तिथं घुसलं. त्यात झऱ्याचा काय संबंध?"

"बहात्तरला संबंध होता."

"तेव्हा ते मधी मुरलं होतं ना भाऊ."

मालक म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत इंजिन ठेव. हात आत जाईल तेवढंच उकरतो. वल लागली तर पुढं बघू, न्हाई तर बंद." करीम माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, "आवं, ऐका की त्याचं." ते म्हणाले, "ऐकलं की." जेवताना त्यांनी राजकन्याला विचारलं, लेकरू आता पोटात फिरतं का. ती लाजली. बाप असं कधी विचारत नाही.

गुरुवारी सकाळपासून ते एकटेच खाली. गड्यांना करीमनं वरच थांबवलं. पहार घेतली नाही त्यांनी. आत कासव निजलेलं, पहार लागली तर मोठं पाप. महादेवाच्या देवळात आपण आधी कासवाला हात लावतो आणि मग आत जातो. त्याला घाव कसा घालायचा? म्हणून खुरप्यानं आणि हातानं उकरत होते. पालथं पडून कमरेपर्यंत कपारीत जायचे, माती मागं ओढायचे, बाहेर येऊन टोपलं भरायचे. टोपल्यात तांबडी माती यायची, कोरडी, चाळलेल्या पिठासारखी.

ऊन डोक्यावर आलं. मी आणि राजकन्या कठड्याशी लिंबाखाली बसलो होतो. सासूबाई बाजेवर. इंजिनाचा आवाज तेवढा चालू. मग खालून हाक आली.

"वल हाय! आगं, माती थंडगार लागतीया!"

करीमनं वाकून बघितलं. सासूबाई उठून बसल्या. जरा वेळानं पुन्हा आवाज आला, "घावलं! घावलं!"

ते मागं सरकत कपारीतून बाहेर आले. सगळं तोंड तांबडं, डोळे तेवढे पांढरे. दोन्ही हातांनी कासव वर धरून आम्हाला दाखवलं. इतके हसताना मी त्यांना राजकन्याच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

"राजकन्ये, बघ! तुझी सुईण घावली!"

टोपल्यात डोक्याचा टॉवेल अंथरून त्यावर कासव ठेवलं. करीमनं टोपलं वर घेतलं. राजकन्या उठायला लागली, तिला मी बसवलं. अवघडलेलं पोट घेऊन कठड्याशी कशाला. मीच पुढं होऊन कासव उचललं. चिखलानं माखलेलं, जड. इतक्या उन्हातून वर आलं तरी माठाच्या बुडासारखं गार. पाय आत, मान आत, पुढून मागून सगळं मिटून घेतलेलं. टिचकी मारली तरी काही नाही.

मी खाली ओरडले, "मेलंय का निजलंय?"

"निजलंय! जपून धर. मी त्याच्या मागचं बघतो."

आणि ते पुन्हा आत गेले. त्यांचे पाय तेवढे दिसत होते. तळवे वर.

इंजिन बंद झालं. कशानं बंद पडलं म्हणून मी करीमकडं बघितलं, तर त्यानंच बंद केलं होतं आणि तो ओरडत होता, "भाऊ, बाहेर! बाहेर या!" मालकांना कमी ऐकू यायचं. इंजिन बंद होऊनही त्यांना ऐकू गेलं नसेल. पोत्यातून ज्वारी ओतल्यासारखा बारीक आवाज आला. मग पूर्वेकडचे चिरे एकामागं एक आत गेले, कठड्यासकट. विहिरीतून धूळ वर आली आणि आमच्या डोळ्यात, तोंडात गेली. राजकन्या बाबा बाबा करत होती. कासव माझ्या ओटीत होतं. ते मी कधी खाली ठेवलं मला आठवत नाही.

गाव धावून आलं. निलंग्याहून जेसीबी आला. पण त्याच्या आधी करीम कमरेला दोर बांधून खाली गेला. लोक धरत होते, तो ऐकेना. उरलेली बाजूही केव्हाही आली असती. दिवस मावळायच्या आत त्यांना वर काढलं. ज्या टोपल्यातून कासव आलं त्यात माणूस मावत नाही. बाज दोरीला बांधून सोडली, सासूबाईंची.

करीम माझ्याजवळ जमिनीवर बसला. त्याच्या हाताची नखं गेली होती. म्हणाला, "भाभी, आत पाणी न्हवतं. मी हात घालून बघितलं. कासवानं सोताभवती वला गाळ घेतला होता, तेवढीच वल होती. ती भाऊला लागली. त्याच्या मागं समदं कोरडं."

त्यानं हे मला सांगायलाच पाहिजे होतं की नाही, याचा मी पुष्कळदा विचार केला. सांगितलं ते बरं केलं. नाहीतर मी जन्मभर म्हणत बसले असते की हातभर पुढं झरा होता.

सरकारी दवाखान्यातून शुक्रवारी सकाळी त्यांना घरी आणलं. आता आंघोळ घालायची, तर घरात पाणी माझ्या त्या झाकलेल्या घागरीएवढं. मी ती काढायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "ती राहू दे. ती पोरीची हाय." मग गावातून माणसं यायला लागली. कुणी तांब्या, कुणी कळशी, एक म्हातारी तर फुलपात्र झाकून घेऊन आली. एकेकानं आणून हंड्यात ओतलं. हंडा भरला, दुसरा लावला, तोही भरला. त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात इतकं पाणी मी पहिल्यांदाच बघत होते. मी हंड्याकडं बघत बसले, रडायचं राहूनच गेलं.

तेवढ्यात शेषेराव आले, शुक्रवारी येतो म्हणाले होते तसेच, जीप घेऊन. त्यांना वाटेतच कळलं होतं. पाहुणा दारात आला की पाणी द्यायची सवय. कुठल्यातरी पोरानं त्यांच्या हातात तांब्या दिला. ते तांब्याकडं बघत राहिले, मग मोडलेल्या विहिरीकडं. पाणी प्यायले नाहीत. हंड्याजवळ जाऊन त्यात ओतलं आणि भिंतीला तोंड करून उभे राहिले.

कासव तिथंच लिंबाखाली पडून होतं. काही माणसं म्हणाली, अवलक्षणी आहे, घरात ठेवू नका, ओढ्यात टाका. एकानं पाय लावून उलटं केलं. सासूबाई बाजेवरून ओरडल्या, "त्याला हात लावू नगा! ते निजलं होतं. त्यानं कुणाला बोलावलं?"

फुटक्या रांजणात गाळ भरून मी त्याला त्यात ठेवलं. वर गोणपाट. सासूबाई मला रोज विचारायच्या, "हाय का?" मी म्हणायची, "हाय." हललं का हे त्या विचारत नव्हत्या.

तेराव्यानंतर राजकन्या सासऱ्यांबरोबर गेली. जाताना झाकलेली घागर मी जीपमध्ये ठेवायला निघाले. वेड्यासारखंच ते. शेषेरावांनी ती ठेवून घेतली. जूनमध्ये तिला मुलगी झाली, अर्धापूरला. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "आई, आज मला न्हाऊ घातलं. दोन हंडे पाणी लागलं." फोन चालू होता आणि तिकडं पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

पाऊस लागल्यावर एका सकाळी रांजणात खरखर ऐकू आली. गोणपाट काढलं तर कासवानं मान काढली होती. डोळ्यांवर चिखल वाळलेला. मी भिजलेल्या भाकरीचा तुकडा टाकला, तो त्यानं खाल्ला. आमची विहीर बुजवून टाकली होती, आणि दुसऱ्या कुणाच्या विहिरीत सोडायला कुणी घेईना. शेवटी करीम आला, पोत्यात घालून मांजरेवर घेऊन गेला. डोहात सोडल्यावर लगेच खाली गेलं म्हणाला, वळून बघितलं नाही.

माझी सासू नागुबाई दोन वर्षांनी, २०१८च्या श्रावणात वारली. तिचं वय झालं होतं. माझे मालक पिराजी गुरुवारी, १२ मे २०१६ रोजी, भर दुपारी आमच्या मळ्यातल्या विहिरीचा कडा कोसळून मेले.